मधमाशीचे विष, मण्यारीचे विष आणि कानाचा लगाम

मज्जातंतूच्या टोकातून सुटलेले अ‍ॅसिटिलकोलीन स्नायूला आकुंचन पावायला लावते. आंतरकर्णात मात्र हेच रसायन नेमके उलटे काम करते. तेथील कॉक्लिआ या शंखाकृती नळीत प्रत्येक कानात सुमारे 12,000 बाह्य केशपेशी असतात. ध्वनीच्या तालावर आखूड-लांब होऊन त्या हलका आवाज वाढवतात. मस्तिष्कस्तंभाकडून आलेले मज्जातंतू या पेशींवर अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात, तेव्हा पेशी उत्तेजित न होता शांत होतात आणि आवाजाची वाढ मंदावते. उत्तेजक रसायन लगामाचे काम कसे करते, हे कोडे सुटले ते बऱ्याच अंशी प्राण्यांच्या विषांमुळे.

पेशीच्या आवरणात आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, ये-जा करू देणारी प्रथिने, म्हणजेच आयन चॅनेल, असतात. एकाच पेशीत ती अनेक प्रकारची असल्यामुळे कोणता विद्युतप्रवाह कोणत्या चॅनेलचा, हे ओळखणे कठीण जाते. एखादे विष नेमके एकच चॅनेल बंद करत असेल, तर नाहीसा झालेला प्रवाह त्याचाच होता असे म्हणता येते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एलिझाबेथ ग्लोवात्स्की आणि पॉल फुक्स यांनी 2000 साली उंदरांच्या नवजात पिल्लांवर केलेले प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. या वयात मेंदूकडून येणारे तंतू आंतरिक केशपेशींनाही, म्हणजे ध्वनीचा संदेश मेंदूकडे पाठवणाऱ्या पेशींनाही, थेट जोडलेले असतात. अ‍ॅसिटिलकोलीन मिळताच पेशीतून पोटॅशियम बाहेर पडून ती शांत होत असे. पण मधमाशीच्या विषातील अपामिन मिसळले की हा प्रवाह थांबून त्याखाली दडलेला लहानसा, आत येणारा उत्तेजक प्रवाह उघडा पडे. मण्यारीच्या एका जातीच्या विषातून 1963 साली तैवानमध्ये वेगळे केलेले अल्फा-बंगारोटॉक्सिन मात्र दोन्ही प्रवाह रोखते. म्हणजे लगामाच्या दोन पायऱ्या आहेत: अ‍ॅसिटिलकोलीनचा ग्राही (ते रसायन चिकटताच उघडणारे पेशीवरील प्रथिन) उघडून आधी कॅल्शियम आत येते आणि मग ते कॅल्शियम एसके2 नावाचे पोटॅशियमचे चॅनेल उघडते.

हा ग्राही मोठा विलक्षण आहे. अर्जेंटिनाच्या अना बेलेन एल्गोयेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अल्फा-9 हा घटक 1994 साली आणि अल्फा-10 हा जोडीदार 2001 साली शोधला. तो निकोटिनिक, म्हणजे एरवी निकोटिननेही उघडणाऱ्या, ग्राहींच्या कुळातला असला, तरी निकोटिनने उघडत नाही, उलट बंद होतो! मण्यारीचे विषही स्नायूवरील ग्राहीला जवळजवळ कायमचे चिकटते, तर कानातल्या या ग्राहीवरून ते धुऊन काढता येते.

आपल्या कोकणातील लाल विंचवाचाही या कामात वाटा आहे. त्याच्या दंशाने हृदयावर येणारा ताण प्राझोसिन या औषधाने आटोक्यात आणण्याचे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे काम सर्वपरिचित आहे. त्याच जातीच्या विंचवाच्या विषातले टॅमापिन एसके2 चॅनेल निवडून बंद करते, तर आयबेरिओटॉक्सिन बीके हे दुसरे पोटॅशियम चॅनेल बंद करते. आंतरिक केशपेशींतील बीकेचा प्रवाह पिल्लाला ऐकू येऊ लागण्याच्या सुमारास दिसू लागतो.

ज्या उंदरांमध्ये जनुकीय बदल करून अल्फा-9 ग्राही अधिक काळ उघडा राहील असे केले, त्यांच्या कानांना मोठ्या आवाजाने कमी इजा झाली, असे 2009 साली दिसून आले. हा ग्राही अधिक कार्यक्षम करणारे औषध गोंगाटाच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना उपयोगी पडू शकेल, ही आशा त्यातूनच आली आहे. दुसरीकडे, कोनस रेजियस या सागरी गोगलगायीच्या विषातील आरजीआयए हे पेप्टाइड (प्रथिनासारखा लहान रेणू) हाच ग्राही बंद करते आणि प्राण्यांमधील प्रयोगांत मज्जातंतूंच्या वेदना कमी करते. माझ्या मते, त्याच्या धर्तीवर वेदनाशामक तयार करणाऱ्यांनी ते घेणाऱ्याचा कान गोंगाट कितपत सहन करतो, हेही तपासायला हवे.