रजोनिवृत्ती साहाय्य (कामाच्या जागी व शिक्षणसंस्थांत)

रजोनिवृत्तीच्या त्रासापायी नोकरी किंवा शिक्षण सुटू नये म्हणून संस्थेने करावयाच्या सोयी. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतात हे वय सरासरी ४६-४७, ब्रिटनमध्ये ५१ च्या आसपास असते. त्रास मात्र आधीच काही वर्षे सुरू होतो : अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने झोपमोड, अनियमित व अति रक्तस्राव, ऐन वेळी शब्द न आठवणे. बढतीची वर्षेही नेमकी हीच. काहींची पाळी चाळिशीआधीच जाते, त्यामुळे प्रश्न विद्यार्थिनींचाही आहे.

सोयी बहुधा किरकोळ खर्चाच्या असतात : पंख्याखालची जागा, सुती गणवेश, कामाच्या वेळेत थोडी सवलत. शिक्षिकेची अडचण वेगळी. तास चालू असताना वर्ग सोडता येत नाही. म्हणून अनेकजणी दिवसभर पाणीच कमी पितात. वेळापत्रकात चार तास सलग न लावता मध्ये एक ऑफ तास ठेवला, तर बरेच काही साधते.

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात रजोनिवृत्तीचे नाव नाही. दाद वय, लिंग किंवा अपंगत्व या आधारांवर मागावी लागते. त्रास दीर्घकालीन असून रोजच्या व्यवहारावर त्याचा मोठा परिणाम होत असेल तर तो अपंगत्वात मोडू शकतो, असे तेथील समानता व मानवी हक्क आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले. रजोनिवृत्ती रजेचा प्रयोग करून पाहा, ही संसदीय समितीची २०२२ मधील शिफारस सरकारने पुढच्याच वर्षी फेटाळली. इंग्लंडमधील माध्यमिक शाळांच्या नातेसंबंध, लैंगिक व आरोग्यशिक्षणात रजोनिवृत्ती हा विषय २०२० पासून आहे.

भारतात प्रसूतीसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. पाळी जाण्याच्या काळासाठी तशी तरतूद नाही. असंघटित कामगार स्त्रियांपर्यंत तर प्रसूतीची रजाही क्वचितच पोचते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या २०१९ मधील सरकारी पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, मग वय तिशीचे का असेना. ऊसतोड टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो. पाळीत दुखले आणि दिवस बुडाला की खाडा (गैरहजेरी), खाड्याला दंड, आणि डोक्यावर मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. पिशवी काढण्याच्या निर्णयामागे हा हिशेबही असतो. या पाहणीच्या सुमारास जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. हा नियम दवाखान्यापुरता आहे. खाड्याचा दंड ठरतो उसाच्या फडात.