पाय सरळ असूनही दुमडलेले का वाटतात?

आमच्या वाडीतले एक काका मे महिन्यात कलमावर आंबे काढायला चढले आणि फांदी मोडून खाली आले. मणक्यात मज्जारज्जूला मार बसला, आता बेंबीच्या खाली काहीच कळत नाही. परवा भेटायला गेलो तर काकीला म्हणत होते, "गो, माजे पाय दुमडून कित्याक ठेवलंस? सरळ कर." पाय तर चादरीखाली सरळच होते! शेजारच्याने लगेच सांगितलं, बाहेरचं लागलंय, देवळात गाऱ्हाणं घाला. खूप वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय. बाहेरचं काही नाहीये, मज्जारज्जूला इजा झालेल्या बऱ्याच जणांना असं होतं. कुणाला पाय सुजल्यासारखे, कुणाला लांब झाल्यासारखे, कुणाला तरंगल्यासारखे वाटतात.

बधिर म्हणजे मेंदूला त्या भागाचं काहीच वाटत नाही, असं आपण धरून चालतो आणि तिथेच चुकतो. मेंदूत शरीराचा नकाशा असतो, एका कानाच्या वरून टाळूपर्यंत आणि तिथून दुसऱ्या कानापर्यंत पट्टीसारखा. कॅनडातले सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या पेशंटच्या मेंदूला हलका करंट देऊन तो शोधला, १९३७ साली छापला. त्यात ओठ आणि हात भलेमोठे, पाठ बारकीशी आणि पाय पार वर, मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत.

आता दातवाल्याकडचं इंजेक्शन आठवा. ओठ बधिर होतो, पण वाटतं केवढा जाड झालाय, आरशात बघावं तर होता तसाच. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात काही लोकांचा अंगठा असाच बधिर करून त्यांना अंगठ्याचा आकार विचारला, तर तो साधारण ६० ते ७० टक्के मोठा वाटत होता! यामागचं कारण मला फार आवडतं. नकाशातल्या पेशी एकमेकींना सतत दाबून ठेवतात, म्हणजे प्रत्येकीचं क्षेत्र आखूड राहतं, आणि हा दाब चालू राहतो तो खालून येणाऱ्या संदेशांमुळेच, त्यामुळे संदेश थांबले की दाब सैल होतो, आजूबाजूच्या पेशींची क्षेत्रं पसरतात, नकाशा बदलतो आणि बधिर भाग मोठा वाटू लागतो. काकांच्या बाबतीत संदेश कायमचे तुटलेत, पण पायांचा नकाशा पुसला गेलेला नाही. ताजी खबर येत नाही म्हणून मेंदू स्वतःच पायांची एक स्थिती धरून बसतो. सिझेरियनला कमरेत इंजेक्शन घेतलेल्या बायकांना विचारा, काही जणी सांगतील की पाय वर उचललेले वाटत होते.

काकांच्या मुलाला कुणीतरी लाखांत स्टेम सेल (मूळपेशी टोचण्याचा उपचार) सुचवलंय. आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडे ते फक्त मान्य क्लिनिकल ट्रायलमध्येच (उपचाराची माणसांवरची चाचणी) देता येतं, आणि ट्रायलचे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. त्यासाठी कलमं विकू नका.

पैसे आणि वेळ हवा तो दुसऱ्याच गोष्टीला. जे पाय काकांना दुमडलेले वाटतात त्यांच्या टाचेला जखम झाली तर मात्र त्यांना कळणार नाही, तिची खबर वर पोचतच नाही. म्हणून काकी दर दोन तासांनी त्यांची कूस बदलते आणि रोज सकाळी उजेडात टाचा, घोटे, माकडहाड बघते, कुठे लाल झालंय का.