लिनक्स संगणकावर वाय-फाय कार्ड चालू करणे

लिनक्स कार्यप्रणालीच्या संगणकात आत बसवलेले किंवा यूएसबी खाचेत बाहेरून लावलेले वाय-फाय कार्ड कर्नलने (कार्यप्रणालीच्या गाभ्याने) ओळखावे, त्याला नेमका ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्राम) व फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम) मिळावे, त्यावरचे अडसर दूर व्हावेत आणि अखेर राउटरशी जोडणी व्हावी, यासाठी करावयाच्या कृतींची ही नोंद आहे. आज बहुतेक संगणकांवर यातले काहीही हाताने करावे लागत नाही. कार्यप्रणाली घातली की वाय-फायची यादी दिसू लागते. ज्या थोड्या संगणकांवर ती दिसत नाही, तेथे दोष बहुधा कार्डात नसून वरच्या साखळीतल्या एखाद्याच कडीत असतो. ती कडी न शोधता सापडेल ती आज्ञा चालवत गेल्यास एका अडचणीच्या तीन होतात.

खानदेशात या विषयाला अलीकडे निकड आली ती जुन्या यंत्रांमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर किंवा सुरक्षा चिप नसलेले धडधाकट लॅपटॉप कागदोपत्री म्हातारे ठरले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत घरातला लॅपटॉप थोरल्याकडून धाकट्याकडे आणि तेथून भाच्याकडे जातो. अशा यंत्रावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांपैकी लिनक्सचे एखादे रूप घालणे हा त्याचे आयुष्य वाढवण्याचा स्वस्त मार्ग आहे. मात्र ‘वायफाय काबर चालत नही?’ हा प्रश्न नेमका याच पिढीच्या यंत्रांवर येतो, कारण वादग्रस्त चिपा त्यांच्यातच अधिक आहेत. (संगणकाशी खानदेशाचे नाते तसे जुने आणि काहीसे अनपेक्षित आहे : १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी स्थापन झालेल्या आणि अमळनेरात कारखाना असलेल्या कंपनीनेच पुढे विप्रो या नावाने संगणक बनवले.)

कार्डाची ओळख : खोक्यावरचे किंवा लॅपटॉपच्या झाकणावरचे नाव येथे उपयोगाचे नसते. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या यूएसबी डोंगलमध्ये (बाहेरून लावायच्या कार्डामध्ये) वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा निघतात. ड्रायव्हर असतो तो चिपेचा. प्रत्येक उपकरण आपल्याबरोबर निर्मात्याचा आणि नमुन्याचा असे दोन क्रमांक बाळगते आणि कर्नल त्यांवरूनच ड्रायव्हर निवडतो. इंटेलचा निर्माता क्रमांक ८०८६ हा त्या कंपनीच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरची आठवण म्हणून घेतलेला आहे. आतल्या कार्डासाठी ‘एलएसपीसीआय’ आणि डोंगलसाठी ‘एलएसयूएसबी’ या आज्ञा हे क्रमांक दाखवतात. पहिलीला ‘एनएनके’ हा पर्याय जोडला, तर कोणता ड्रायव्हर सध्या वापरात आहे याची ओळही येते. ती ओळ आली नाही, तर ड्रायव्हरच लागलेला नाही, असा अर्थ घ्यावा. (येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्याव्या लागतात.)

काही डोंगल या पहिल्याच पायरीवर चकवतात. विंडोजचा ड्रायव्हर डोंगलच्याच पोटात भरून दिलेला असल्यामुळे ते लावताच स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सांगतात आणि वाय-फाय कार्ड म्हणून दिसतच नाहीत. ‘यूएसबी मोडस्विच’ हा लहानसा प्रोग्राम त्यांना ही सीडी बाहेर काढल्याचा संकेत देतो, त्यासरशी उपकरण आपले खरे रूप धारण करते. फाइलींच्या खिडकीत दिसणारी ती खोटी सीडी ‘इजेक्ट’ केली तरी अनेकदा तेच घडते.

ड्रायव्हरांचा पूर्वेतिहास : ८०२.११ हे बिनतारी जाळ्याचे मानक १९९७ मध्ये आले, परंतु लिनक्सवर त्याला शिस्त यायला आणखी दहा वर्षे लागली. चिपा बनवणाऱ्या कंपन्या तांत्रिक माहिती देत नसत. रेडिओचा भाग सर्वांसाठी उघडा केला तर कोणीही नियमबाह्य लहरींवर प्रसारण करील, असे कारण पुढे केले जाई. एथेरॉस या चिपा बनवणाऱ्या कंपनीच्या कार्डांसाठी असलेल्या मॅडवायफाय ड्रायव्हरचा गाभा बंद होता आणि इंटेलच्या ३९४५ या कार्डाला एक बंद सहायक प्रोग्राम सतत चालू ठेवावा लागे. ज्यांना काहीच मिळत नसे ते ‘एनडीआयएसरॅपर’ वापरत. त्यात विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये चालवला जाई. हा जुगाड चालला तर चालला, नाहीतर संपूर्ण संगणक गोठवून बसत असे, आणि आज त्याची शिफारस करणारे कोणतेही जुने टिपण डोळे मिटून बाजूला ठेवावे. २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ आवृत्तीत ‘मॅक८०२११’ ही वाय-फाय ड्रायव्हरांसाठीची सामाईक चौकट आली, २००८ मध्ये एथेरॉसने ‘एटीएच९के’ हा खुला ड्रायव्हर दिला आणि २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या काही चिपांसाठी खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला. तेव्हापासून बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, वेगळे शोधावे लागत नाहीत.

फर्मवेअर : ड्रायव्हर असूनही कार्ड मुके राहते तेव्हा पहिला संशय फर्मवेअरवर घ्यावा. वाय-फाय चिप हा स्वतःच एक लहान संगणक असतो. त्याच्यात चालणारा प्रोग्राम बहुतेक चिपांत कायमचा भरलेला नसून ड्रायव्हरने दर वेळी डिस्कवरून उचलून चिपेत ओतायचा असतो. ही फाइल लिब फोल्डरातील फर्मवेअर या फोल्डरात असावी लागते आणि तिचे नाव ड्रायव्हरला अपेक्षित असलेल्या नावाशी अक्षरशः जुळावे लागते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, तशी ही गत आहे. सुदैवाने कर्नल ही तक्रार लपवत नाही : ‘डीमेसेज’ (dmesg) ही आज्ञा दिली की कर्नलच्या नोंदवहीत फर्मवेअर सापडले नसल्याची ओळ हव्या असलेल्या फाइलीच्या नावासकट दिसते. वाय-फाय बिघडल्यावर सर्वांत आधी ही नोंदवही वाचावी आणि नंतरच काही बसवावे, हा क्रम पाळला तर निम्मे श्रम वाचतात.

फर्मवेअर फुकट मिळत असले तरी त्याचा मूळ संहितापाठ (सोर्स कोड) खुला नसतो. म्हणून डेबियन या लिनक्सच्या रूपाने आपल्या तत्त्वांनुसार ते स्थापनेच्या मुख्य प्रतीतून वर्षानुवर्षे वगळले होते आणि नवख्या माणसाला स्थापनेच्या मध्यावरच अडकावे लागे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि जून २०२३ च्या बुकवर्म या १२ व्या आवृत्तीपासून आवश्यक फर्मवेअर स्थापनेच्या प्रतीतच येऊ लागले. प्रस्तुत लेखकाच्या मते या एका निर्णयाने सामान्य वापरकर्त्याचे जितके वाय-फाय चालू केले, तितके अनेक ड्रायव्हरांनी मिळूनही केले नसेल.

नेटवाचून नेट आणणे : फर्मवेअर किंवा ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि इंटरनेटसाठी तेच हवे आहे, ही या विषयातली ठरलेली कोंडी. जुन्या लॅपटॉपला केबलची खाच असते, तेव्हा राउटरपासून केबल ओढली की काम भागते. पातळ लॅपटॉपांत ती नसते. तेथे अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलमधून संगणकाला देणे) चालू करावे. लिनक्सला त्यासाठी सहसा काहीही वेगळे बसवावे लागत नाही आणि फोन स्वतः घरच्या वाय-फायवर असेल तर मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर फोनला रेंज मिळेलच असे नाही. तेथे जाणाऱ्याने चिपेचा क्रमांक, कार्यप्रणालीची आवृत्ती आणि कर्नलची आवृत्ती या तिन्ही गोष्टी कागदावर उतरवून नंदुरबारला किंवा शहाद्याला यावे आणि त्यांना जुळणारी पॅकेजे (प्रोग्राम बसवण्याच्या फाइली), त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांसह, पेनड्राइव्हवर घ्यावीत. तिसरी गोष्ट विसरली तर खेप वाया जाते.

ब्रॉडकॉम आणि रिअलटेक : जुन्या लॅपटॉपांतल्या ब्रॉडकॉम चिपांचे दुखणे असे, की एकाच कार्डावर दावा सांगणारे तीन ड्रायव्हर असू शकतात. ‘बी४३’ हा स्वयंसेवकांनी चिपेचे वर्तन उलगडून लिहिलेला, ‘बीआरसीएमस्मॅक’ हा कंपनीने खुला केलेला आणि ‘डब्ल्यूएल’ हा कंपनीचा बंद ड्रायव्हर. कोणता चांगला हे चिपेवर ठरते, पण दोन एकाच वेळी चढले तर दोन्ही निकामी होतात. म्हणून एक निवडून बाकीच्यांची नावे वर्ज्य-यादीत (कर्नलने चढवू नयेत अशा ड्रायव्हरांच्या यादीत) टाकावी लागतात. ‘बी४३’ चे फर्मवेअर वाटण्याची परवानगी कंपनीने दिली नव्हती, त्यामुळे ते कंपनीच्याच ड्रायव्हरातून कापून काढणारे एक साधन करावे लागले. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांच्या स्थापनेच्या पेनड्राइव्हवर ‘डब्ल्यूएल’ चे पॅकेज ठेवलेले असते, हे माहीत असल्यास वरची कोंडी परस्पर सुटते.

रिअलटेकच्या चिपा स्वस्त लॅपटॉपांत आणि बाजारातल्या बोटभर डोंगलांत सर्रास आढळतात. त्यांचा कर्नलमधील आधार मागाहून आला : ‘आरटीडब्ल्यू८८’ हा ड्रायव्हर २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत दाखल झाला आणि ८८२१सीई यांसारख्या चिपा त्यात पुढल्या आवृत्त्यांतून आल्या. म्हणून अशा यंत्रावर बाहेरचा ड्रायव्हर बांधत बसण्यापेक्षा नव्या कर्नलची आवृत्ती घालून पाहणे शहाणपणाचे. बाहेरचा ड्रायव्हर बांधणे भागच असेल, तर तो डीकेएमएस या व्यवस्थेतून बांधावा, म्हणजे कर्नल अद्ययावत होताच ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधला जातो. हे न केल्यास महिन्याभराने एका सकाळी, काहीही न बदलता, वाय-फाय नाहीसे झाल्याचा अनुभव येतो. बदललेला असतो तो कर्नल.

८७२३बीई ही चिप स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. तिच्या कार्डावर दोन अँटेनांची टोके असतात, पण काही लॅपटॉपांत एकच तार जोडलेली असते, तीही ड्रायव्हर ज्या टोकावर ऐकतो त्याच्या दुसऱ्या टोकाला. परिणामी राउटर शेजारी ठेवला तरच जाळे दिसते. ‘अँट सिलेक्ट’ (ant_sel) या पर्यायाला १ किंवा २ ही किंमत देऊन ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा सुटा भाग) पुन्हा चढवले की रेंज एकदम वाढते. खानदेशातल्या धाब्याच्या घरांत हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींवर या दोषाचे खापर सहज फुटते. भिंतींचा वाटा असतोच, विशेषतः ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतींत २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर विरतात आणि पत्र्याचे छप्पर त्या परतवून लावते. परंतु त्याच खोलीत फोनला पूर्ण रेंज असेल, तर भिंतीला निर्दोष सोडावे.

अडसर : ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही जागेवर असूनही कार्ड बंद असू शकते. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दोन प्रकारचे अडथळे दाखवते. सॉफ्ट अडथळा आज्ञेने निघतो. हार्ड अडथळा लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा विमानाचे चिन्ह असलेली कळ दाबूनच निघतो. क्वचित लॅपटॉपच्या कळा सांभाळणारे मॉड्यूलच नसलेल्या बटणाची चुकीची बातमी देते, तेव्हा ते मॉड्यूल उतरवून पाहावे.

दुसरा अडसर सिक्युअर बूटचा (संगणक सुरू होताना केवळ स्वाक्षरी असलेले प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीचा). तो चालू असताना स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो, त्यामुळे बाहेरून बांधलेला ड्रायव्हर बिनचूक असूनही चढत नाही. उबुंटू अशा वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर तोच विचारून स्वतःची किल्ली नोंदवते. घाईत हा पडदा ‘कंटिन्यू’ म्हणून ओलांडला जातो आणि मग ड्रायव्हर का चालत नाही याचा उलगडा होत नाही. तिसरा अडसर विंडोज व लिनक्स शेजारी शेजारी नांदवणाऱ्यांचा : विंडोजची फास्ट स्टार्टअप सोय संगणक पूर्ण बंद न करता अर्धनिद्रेत ठेवते आणि कार्ड मधल्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येते. ती सोय बंद करून संगणक पूर्ण बंद-चालू केला की बहुधा प्रश्न मिटतो.

देश आणि वाहिनी : कोणत्या लहरींवर किती शक्तीने बोलायचे याचे नियम देशागणिक वेगळे असतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. लिनक्सला देश कळला नाही, तर ते सर्व जगाला चालतील असे सावध नियम लावते. अमेरिकेचे नियम लागले असतील, तर १२ व १३ क्रमांकांच्या वाहिन्यांवरचा (चॅनेलांवरचा) राउटर लॅपटॉपला दिसतच नाही, फोनला मात्र दिसतो. ‘आयडब्ल्यू’ या आज्ञेने देश भारत असा नेमून द्यावा, किंवा राउटरची वाहिनी १, ६ वा ११ वर आणावी.

जोडणी झाल्यावर दर काही मिनिटांनी तुटत असेल, तर नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या मांडणीत वीजबचतीची किंमत ३ वरून २ करावी, म्हणजे कार्ड झोपी जाणे थांबते. जुने कार्ड केवळ डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत मागणाऱ्या राउटरला जोडले जात नसेल, तर राउटर डब्ल्यूपीए२ व ३ अशा मिश्र पद्धतीवर ठेवावा.

कार्ड बदलणे : एवढे करूनही यश न आल्यास कार्डच बदलणे हा उपाय अनेकदा सर्वांत कमी त्रासाचा ठरतो. लॅपटॉपच्या पाठीचे झाकण काढून एक स्क्रू आणि अँटेनाच्या दोन टिचक्या तारा सोडवल्या की जुने कार्ड निघते. घेताना आधी खाच पाहावी : जुन्या यंत्रांत मिनी पीसीआय एक्सप्रेस, नव्यांत एम.२. इंटेलच्या काही नव्या कार्डांत निम्मे काम संगणकाच्या मुख्य चिपेवर सोपवलेले असते. अशी कार्डे जुन्या किंवा एएमडीच्या यंत्रांत खाचेत बसतात, पण चालत नाहीत. काही जुन्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचे कार्ड लावल्यास यंत्र सुरूच होत नाही. अशा यंत्राला डोंगलच लावावे, आणि दुकानात कंपनीचे नाव न विचारता चिप विचारावी. एथेरॉसची एआर९२७१ चिप असलेले डोंगल ८०२.११एनच्या काळातले, म्हणजे आजच्या मानाने मंद आहे, पण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि फर्मवेअरसुद्धा खुले आहे. वेग हवा असल्यास मीडियाटेकच्या ‘एमटी७६’ ड्रायव्हरवर चालणारी चिप पाहावी.