पोहत बाहेर की रांगत बाहेर? समुद्री गोगलगायींच्या कॅप्सूलचा घोळ

समुद्री गोगलगाय बहुधा खडकाला किंवा शिंपल्याला कॅप्सूल चिकटवते, आत अंडी असतात, एक दिवस कॅप्सूल उघडते. इथवर कुणाला समजावायला नको. घोळ होतो तो बाहेर काय आलं यावर. पाण्यात गिरक्या घेणारे पारदर्शक ठिपके दाखवून खाली 'गोगलगायीची पिल्लं' असं लिहिलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता चीड येते. ते व्हेलिजर डिंभ आहेत, म्हणजे पिल्लू होण्याआधीची पोहणारी अवस्था. डोक्याशी बारीक केसांची झालर असलेल्या पाळ्या (व्हेलम) हलवत ते पोहतात, सूक्ष्म शेवाळ खातात आणि पुढे बऱ्याच दिवसांनी, कधी आठवड्यांनी, तळाला जाऊन रूप पालटतात. मड स्नेल (इल्यानासा ऑब्सोलेटा) या वाटेची. याउलट डॉग व्हेल्क (न्यूसेला लॅपिलस) हिच्या कॅप्सूलमधून शंख, पाय, झाकण सगळं जागेवर असलेली इवली गोगलगाय रांगत बाहेर येते.

एवढा फरक बहुतेकांना सांगितला की कळतो. खरी चूक पुढची: 'रांगत बाहेर येणाऱ्यांमध्ये डिंभ अवस्था नसतेच.' असते! ती कॅप्सूलच्या आत पार पडते, म्हणून दिसत नाही. डॉग व्हेल्क किंवा बक्सिनम अंडाटम या मोठ्या व्हेल्कची कॅप्सूल मधल्या काळात उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. भ्रूणाला व्हेलम असतं, पोहत बाहेर येणाऱ्या प्रकारांपेक्षा लहान, पण असतंच. बाहेर पडण्याआधी ते जिरून जातं. म्हणजे दोन्हीकडे वाढीचा क्रम तोच, फक्त दार वेगवेगळ्या टप्प्यावर उघडतं. 'बाहेर पडणं' आणि 'रूप पालटणं' या दोन घटना आहेत. मड स्नेल आधी बाहेर पडते, मग रूप पालटते. डॉग व्हेल्क आधी रूप पालटते, मग बाहेर पडते. एवढं पक्कं झालं की बाकीचा गोंधळ आपोआप सुटतो.

मग आत इतका काळ काढायला खाणं कुठून? बक्सिनमच्या एका कॅप्सूलमध्ये हजाराच्या आसपास अंडी असतात, पिल्लं बाहेर पडतात साधारण दहाच्या घरात. बाकीची बहुतेक अंडी वाढतच नाहीत, ती वाढणाऱ्या भ्रूणांचा खुराक असतात. म्हणून कॅप्सूलमधली अंडी मोजून 'इतकी पिल्लं होणार' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पिल्लू कॅप्सूल कुरतडून बाहेर येतं, हा आणखी एक लाडका समज. डॉग व्हेल्क आणि मड स्नेल दोघींच्या कॅप्सूलला टोकाशी बूच असतं. आतले भ्रूण सोडतात त्या द्रव्याने ते विरघळतं आणि वाट मोकळी होते. या बाबतीत दोन्ही प्रकार सारखेच.

नात्यावरून अंदाज तर मुळीच बांधू नये. लिटोरिना या गोगलगायींच्या एकाच प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) लिटोरिना लिटोरियाची कॅप्सूल पाण्यात तरंगते आणि तिच्यातून व्हेलिजर निघतात. लिटोरिना ऑब्टुसाटाची अंडी समुद्री शेवाळावर जेलीच्या गोळ्यात असतात आणि त्यातून पिल्लं थेट रांगत येतात. लिटोरिना सॅक्साटिलिस तर पिल्लं अंगातच वाढवते.

हा फरक पुस्तकी नाही. व्हेलिजर प्रवाहासोबत दूरवर जातात. रांगणारं पिल्लू जन्मलं त्याच खडकाच्या आसपास राहतं. जहाजांच्या टीबीटी (ट्रायब्युटिल टिन हे विषारी रसायन) असलेल्या रंगामुळे डॉग व्हेल्कच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली, त्या वांझ झाल्या आणि कित्येक किनारे रिकामे पडले. ब्रिटनने 1987 मध्ये लहान बोटींवर हा रंग बंद केला, तरी रिकाम्या किनाऱ्यांवर डॉग व्हेल्क परतायला फार वेळ लागला, कारण वाहत येणारे डिंभच नव्हते.

हातात नुसता रिकामा शंख असेल तरी बऱ्याचदा ओळखता येतं. त्याचं अगदी टोक भिंगाखाली पाहा. तिथे बारीक, बरेच वेढे असतील तर तो प्राणी बहुधा पोहून, खाऊन वाढलेला. एक-दीड वेढ्याचं जाडसर, बोथट टोक असेल तर बहुधा रांगत बाहेर आलेला. टोक झिजलेलं असेल, तर मात्र अंदाज करत बसू नका, दुसरा शंख शोधा.