कॉफी मशीनला आंबट कधी, सोडा कधी?

कॉफी मशीन कुरकुरायला लागलं, पाणी थेंबथेंब उतरायला लागलं, की घरात हाताला लागेल ते आंबट त्यात ओतलं जातं. पण आत साचणारा मळ दोन जातींचा असतो, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला मळ क्षाराचा. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर नळीत बसतो. गोव्यात हा त्रास घरागणिक वेगळा. इथल्या जांभ्यातलं कॅल्शियम पावसाने कधीच धुऊन नेलंय, म्हणून ओपा किंवा साळावलीच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाहून येणारं नळाचं पाणी बहुतांशी मृदू. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं तसं नाही. तिथल्या रेतीत शिंपल्यांचा चुरा असतो, शिवाय मे महिन्यात पाणी मचूळ होतं.

तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) खाऊन झाल्या की एक शिंपलं धुऊन व्हिनेगरच्या वाटीत टाकून बघा. आधी त्यावर बारीक बुडबुडे धरतात, मग एकेक सुटून वर येतो. तो कार्बन डायऑक्साइड. शिंपलं आणि नळीतला थर मुळात एकच पदार्थ. अॅसिटिक आम्लाने त्याचं कॅल्शियम अॅसिटेट होतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. पाच टक्क्यांचं एक लिटर व्हिनेगर हिशेबाने ४० ग्रॅमच्या आसपास थर विरघळवू शकतं, म्हणजे निम्मं पाणी घातलं तरी घरच्या मशीनला पुष्कळ झालं. हे मिश्रण टाकीत भरून निम्मं खाली आलं की मशीन बंद करायचं, अर्धा तास थांबायचं, उरलेलं सोडायचं, आणि वास जाईपर्यंत साधं पाणी फिरवायचं.

माडाच्या सुरेचं घरगुती व्हिनेगर मात्र जेवणासाठीच ठेवा. त्याची तीव्रता बाटलीगणिक बदलते आणि तळाला गाळ असतो. लिंबाचा रस चालतो, फक्त नीट गाळून घ्या.

बिंबल्यांबद्दल, म्हणजे त्या छोट्या हिरव्या आंबट फळांबद्दल, सांगायलाच हवं. पितळेची भांडी त्यांनी लख्ख होतात, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल धातूवरचा गंज सोडवतं. तेच आम्ल कॅल्शियमला भेटलं की कॅल्शियम ऑक्झलेट बनतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे नळीत एक थर काढायला जाऊन दुसरा बसायचा. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाचंही थोडंफार असंच आहे.

दुसरा मळ तेलाचा. अरेबिका बियांत साधारण १५ टक्के स्निग्धांश असतो. तो कॉफीच्या भांड्याला आणि गाळणीला चिकटतो, हवेने खवट होतो, आणि मग ताजी पूडही शिळी लागते. नळाचं पाणी मृदू असलेल्या घरांत कॉफी बिघडवतो तो बहुधा हाच. इथे आंबटाचा उपयोग नाही. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून सुटे भाग भिजत ठेवा, मग घासा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याची टूम मला अजिबात पटत नाही. फेस भरपूर येतो, पण दोघंही एकमेकांना मारतात आणि हाती उरतं सोडियम अॅसिटेटचं खारट पाणी.

अॅल्युमिनियमच्या मोका पॉटला (गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्याला) यातलं काहीच नको, आम्ल आणि अल्कली दोन्ही त्या धातूला खातात. त्याला गरम पाणी आणि मऊ स्पंज पुरे. आणि पावसाळ्यात, कुठलंही मशीन असो, वापरून झालं की टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवा. नाहीतर दमट हवेत आत बुरशी धरते.