काटा चुकला की काटा मारला? गोडाऊनमधली हजेरी आणि कमी आलेला पगार

तुम्ही २६ दिवस कामावर होतात आणि पगाराच्या स्लिपवर हजेरी २३ दिवसांची लागली आहे. सुपरवायझर म्हणतो, "सिस्टिमचा एरर आहे, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट होईल." शेजारचा लोडर म्हणतो, "ठेकेदाराने खाल्ले." भिवंडीत मानकोलीपासून पडघ्यापर्यंतच्या गाळ्यांत, तुर्भ्या-तळोज्याकडच्या गोडाऊनांत, उरणच्या कंटेनर यार्डांत दर महिन्याला पगार झाला की ही दोन वाक्यं ऐकू येतात. हजेरीची चूक आणि पगाराची चोरी बँकेच्या मेसेजमध्ये अगदी सारखी दिसते. आकडा कमी, एवढंच कळतं.

पैसे मागायला चोरी सिद्ध करावी लागत नाही, हे आधी लक्षात घ्या. २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कमी वेतनाचा दावा आला तर पैसे दिले होते हे दाखवण्याची जबाबदारी ती मालकावर टाकते. मशीन बिघडलं होतं की कुणाची नियत, हा प्रश्न त्या दाव्यात आधी येतच नाही. काम झालं असेल तर पैसे देणं लागतंच. मग फरक ओळखायचा कशाला? कारण दोन्हींची वाट वेगळी आहे. चूक असेल तर टाइम ऑफिसातला क्लार्क ती दोन दिवसांत दुरुस्त करू शकतो, आणि त्यालाच चोर म्हटलंत तर ज्याच्या कॉम्प्युटरवर तुमचे पंच, म्हणजे हजेरीच्या मशीनवर अंगठा लावल्याच्या नोंदी, आहेत तोच माणूस तुमच्यावर रुसतो. उलट चोरी असेल, तर त्या क्लार्कपुढे महिनोन्‌महिने "सर, बघा ना" करण्यात वेळ जातो आणि हातात काही पडत नाही.

आधी चुकांकडे बघू. त्या खऱ्याच होतात, आणि पुष्कळ होतात. सगळ्यात जास्त घोळ रात्रपाळीत. रात्री दहाला थंब मारून आत गेलात, सकाळी सहाला बाहेर आलात. मध्ये तारीख बदलली. सॉफ्टवेअरमध्ये पाळी नीट भरलेली नसेल तर त्याला एका तारखेला फक्त 'इन' दिसतो आणि दुसऱ्या तारखेला फक्त 'आउट'. दोन्ही दिवशी मिस पंच. आठ तास राबलेल्या माणसाच्या नावावर कधी हाफ डे लागतो, कधी सरळ खाडा. आठवड्याच्या मध्येच दिवसपाळीवरून रात्रपाळीला टाकलेल्यांचं हे हमखास होतं.

दुसरी भानगड बोटांची. दिवसभर पुठ्ठ्याचे बॉक्स, टेप, स्ट्रॅपिंगची पट्टी हाताळून बोटांच्या रेषा झिजतात. मशीन थंब घेत नाही. मागे रांग लागलेली असते, मग सिक्युरिटीवाला म्हणतो, "जा आत, रजिस्टरमध्ये लिहितो." ते रजिस्टर महिनाअखेरीला टाइम ऑफिसात पोचलं तर पोचलं. शिवाय लाइट गेली की काही मशीनचं घड्याळ मागे पडतं. एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोघे असले की एकाचा ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, दुसऱ्याच्या खात्यात जातो. नवा माणूस मशीनमध्ये आज नोंदवला, पण पगाराच्या यादीत चार दिवसांनी चढला, असंही होतं.

या सगळ्या चुकांची एक खूण आहे. त्या दोन्ही बाजूंना पडतात. भाजीवाल्याचा काटा बिघडला असेल तर तो कधी गिऱ्हाइकाला जास्त देतो, कधी कमी. काटा मारलेला असेल तर तो रोज, प्रत्येकाला, एकाच बाजूला झुकतो. म्हणून स्लिप हातात आली की एकट्याने तिच्याकडे बघत बसू नका. आपल्या पाळीतल्या आठ-दहा जणांच्या स्लिपा शेजारी ठेवा. कुणाचे दोन दिवस कमी, कुणाचा एक दिवस जास्त, कुणाचा ओटी चुकीच्या नावावर असं विस्कळीत चित्र असेल तर तो बहुधा घोळ आहे. दहाही जणांचे तास कमीच झाले असतील, आणि ज्याला जास्त आलं असा एकही सापडत नसेल, तर 'सिस्टिम' हे उत्तर पुरत नाही. सिस्टिमला मालकाचं आणि कामगाराचं खातं वेगळं ओळखता येत नाही. ते तिला कुणीतरी शिकवावं लागतं.

खरी गुंतागुंत शिकवलेल्या सिस्टिमची आहे. इथे कुणी रात्री बसून हजेरी खोडत नाही. सॉफ्टवेअर बसवताना एकदाच नियम भरले जातात आणि पुढे मशीन ते इमानेइतबारे पाळतं. तासांचं गोल करणं घ्या. नऊची पाळी आहे, तुम्ही ९:०३ला थंब मारला, मशीनने ९:१५ धरले. संध्याकाळी ६:१२ला बाहेर पडलात, मशीनने ६:०० धरले. आत येताना पुढे आणि बाहेर जाताना मागे. अमेरिकेत पाव तासापर्यंत असं गोल करायला केंद्रीय नियमाने मुभा आहे, पण अट अशी की काही काळाच्या हिशोबात कामगाराचे प्रत्यक्ष केलेले तास बुडता कामा नयेत. म्हणजे तिथेही प्रश्न झुकतं माप कुणाकडे हाच. इंग्लंडमध्ये स्पोर्ट्स डायरेक्ट या कंपनीच्या शायरब्रुकच्या गोदामात एक मिनिट उशिरा आलेल्याचे पंधरा मिनिटांचे पैसे कापले जात. ते २०१५ साली वर्तमानपत्रातून बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी कंपनीला थकबाकी देणं भाग पडलं.

आपल्याकडचा प्रकार म्हणजे 'तीन लेट मार्क, एक हाफ डे'. हा नियम इतका रुळला आहे की कामगारांनाही तो कायदाच वाटतो. तसा तो नाही. गैरहजेरीबद्दल कापायची रक्कम गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच असली पाहिजे, हे १९३६च्या वेतन प्रदान कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. तीन दिवसांचे मिळून वीस मिनिटं उशीर झाला असेल तर वीस मिनिटांचे पैसे कापा. अर्ध्या दिवसाचे कापले तर ती कपात राहत नाही, दंड होतो. आणि दंडाला वेगळी बंधनं आहेत: कामगाराला आधी म्हणणं मांडू द्यायचं, आणि त्या पगारकाळातल्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर जायचं नाही. त्यातही कंपनीचीच बस रांजणोली नाक्यावर अडकली आणि लेट मार्क बसमधल्या चाळीस जणांना लागला, तर त्याला मी तरी चूक म्हणणार नाही. बस कधी आली हे गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं.

जेवणाच्या सुट्टीचंही असंच. सॉफ्टवेअर रोज आपोआप अर्धा तास वजा करतं. सुट्टी मिळाली तर ठीक. पण सेलच्या दिवसांत डॉकवर गाड्या उभ्या असताना डबा दहा मिनिटांत उरकायला लावतात, आणि वजाबाकी मात्र पूर्ण तीसची. सुट्टी आपोआप कापायची असेल तर ती आपोआप द्यायलाही हवी.

गेटवरच्या चेकिंगवर मात्र माझं मत ठाम असलं तरी त्यात वादाला जागा आहे. पाळी संपली, थंब मारला, आणि मग वीस मिनिटं रांगेत उभं राहून खिसे, डबा, बूट तपासून घ्यायचे. ही वीस मिनिटं कुणाची? अमेरिकेत ॲमेझॉनच्या गोदामांतल्या कामगारांचा असाच खटला २०१४ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. रांगेत सुमारे २५ मिनिटं जातात असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की केंद्रीय कायद्याप्रमाणे त्या वेळेचे पैसे लागत नाहीत. सहा वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ॲपलच्या दुकानांबद्दलच्या खटल्यात राज्याच्या कायद्यानुसार बरोबर उलटं सांगितलं. एवढ्या मोठ्या वादाचं मूळ मशीन कुठे लावलंय यात असतं. थंबचं मशीन चेकिंगच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते बघा. ती जागा कुणी ठरवली हे विचारलं की बऱ्याच गोष्टी कळतात.

उघड चोरी ओळखायला इतकं डोकं लागत नाही. सगळ्यात मोठी चोरी सिंगल ओटीची, म्हणजे जादा तासांनाही नेहमीचाच दर लावण्याची. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट, हे जुन्या कायद्यातही होतं, नव्यातही आहे. समजा पगार महिना १५,६०० आहे. महिन्यातल्या कामाच्या २६ दिवसांनी भागले तर रोज ६००, आठ तासांनी तासाला ७५, ओटी तासाला १५०. महिन्याला २० तास ओटी झाला तर ३,००० रुपये. सिंगलने १,५०० येतात. आणखी एक हुशारी म्हणजे ओटीसाठी पगार ३०ने भागायचा: रोज ५२०, तासाला ६५, दुप्पट १३०. डबल ओटी दिला असं म्हणायलाही मोकळे, आणि २० तासांमागे ४०० रुपये वाचले. महिन्याला चारशेसाठी कोण भांडतं? पण २०० माणसांच्या गोडाऊनमध्ये ते ८०,००० होतात, दर महिन्याला.

मग ओटी स्लिपवर न दाखवता हातात रोख देणं आलं. यात तासांचा पुरावाच राहत नाही. खात्यात किमान वेतन जमा करायचं आणि त्यातले काही हजार ठेकेदाराच्या माणसाने नाक्यावर परत घ्यायचे, हाही प्रकार चालतो. कागद बघाल तर चोख असतात. इथे सॉफ्टवेअरची चूक शोधायला जाऊच नका.

पीएफचं प्रकरण वेगळं बघायला हवं, कारण तिथे कायद्यानेच भाषा कडक केली आहे. तुमच्या पगारातून कापलेला वाटा भरलाच नाही, तर तो फौजदारी विश्वासघात धरला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेत होतं, आता भारतीय न्याय संहितेत आहे. स्लिपवर १२ टक्के कटिंग दिसते आहे आणि उमंग ॲपवरच्या पासबुकात त्या महिन्याची ओळ नाही, असं असेल तर आधी दोनेक महिने थांबून बघा, कारण भरणा पुढच्या महिन्यात होतो आणि नोंद चढायला वेळ लागतो. सहा महिने रिकामे असतील तर थांबू नका. पीएफची प्रादेशिक कार्यालयं ठाण्यातही आहेत आणि वाशीलाही.

आता यात तुम्ही काय करायचं? खिशात एक छोटी डायरी ठेवा आणि रोज पाच गोष्टी लिहा: तारीख, आत, बाहेर, जेवणाची सुट्टी, पाळीच्या सुपरवायझरचं नाव. गेटचा पास, बसची वेळ, 'आज ओटीला थांबा' असा ग्रुपवर आलेला मेसेज, यांचे फोटो किंवा स्क्रीनशॉट ठेवा. कमी पगार आला की पहिली तक्रार चूक समजूनच करा, नम्रपणे, पण लेखी. "दि. ४, ५ व ११ रोजी रात्रपाळी केली, तीन खाडे लागले आहेत, कृपया मशीनचा रेकॉर्ड तपासावा." व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. या मेसेजचा खरा उपयोग पुढे होतो. दुरुस्त झालं तर प्रश्न मिटला. लेखी कळवल्यावरही पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच, तर मालकाला 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. चूक आणि चोरी यांच्यामधली रेघ बहुतेक वेळा त्या तारखेलाच ओढली जाते.

'पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू' हे उत्तर एकदा ऐकून घ्यावं. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, आणि राहिलेले तीन दिवस हाही पगारच आहे. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत पूर्ण करायचा आहे. तरी सोडून जाणाऱ्याचा शेवटचा महिना अडकवून ठेवणं ही आपल्या भागातली जवळजवळ रीतच झाली आहे, कारण माणूस गावाला निघून जाणार हे ठेकेदाराला ठाऊक असतं. गावाला गेलात तरी दावा संपत नाही. दाव्यासाठी तीन वर्षं मिळतात. तुमच्या वतीने युनियनही अर्ज करू शकते. दावा मान्य झाला तर मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याला आहे.

ठेकेदार बदलला म्हणून जुनी थकबाकी बुडाली, असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. ठेकेदाराने दिलं नाही तर ज्याचं आस्थापन आहे त्याच्यावर जबाबदारी येते. म्हणून स्लिपवर ठेकेदाराचं नाव असलं तरी गोडाऊन कोणत्या कंपनीचं, तुमच्या टी-शर्टवर कुणाचं नाव होतं, बॉक्सवर कुणाचं लेबल होतं, हे डायरीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. वाशीच्या बाजारात माथाडी कामगारांची पद्धत पाहिलीत तर हाच प्रश्न १९६९च्या कायद्याने वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. मालक मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची ठरलेली जादा रक्कम) माथाडी मंडळाकडे भरतो, आणि मंडळ कामगाराला पगार देतं. मजुरी मोजणारा आणि वाटणारा एकच नसतो. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांनी ज्यासाठी लढा दिला ती पद्धत नव्या, पत्र्याच्या उंच शेडमध्ये येऊ नये म्हणून किती धडपड चालते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.