मॅडिसन नदीवरची गर्दी आणि गळ टाकण्याचे अलिखित नियम

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात मॅडिसन नदीवर लायन्स ब्रिज नावाचा पूल आहे. जुलैतल्या सकाळी इथे नावा पाण्यात सोडायच्या उतारावर गाड्यांची रांग लागते. कुणी ऐन उतारावर गाडी उभी करून सावकाश मासेमारीच्या काठ्या जोडत बसतो, मागचे दहाजण खोळंबतात. पाण्यात उतरावं तर पन्नास पावलांवर दुसरा उभा. जुन्या मंडळींचं म्हणणं ठरलेलं: पूर्वी असं नव्हतं, आता लोकांना रीतभात उरली नाही.

या तक्रारीत तथ्य आहे, पण ते अर्धंच. फ्लाय फिशिंगचे शिष्टाचार ज्या नद्यांवर घडले तिथे गर्दी होऊच शकत नव्हती, कारण नद्या खासगी होत्या, फाटकाला कुलूप होतं. पुढे कुलूप निघालं, ते योग्यच झालं. पण त्या कुलपाच्या भरवशावर चाललेली शिस्त लोक आपसूक पाळत राहतील, हे मात्र गृहीतच धरलं गेलं.

आधी हा खेळ कसा चालतो ते पाहू, कारण भांडणाचं मूळ त्यातच आहे. पिसं, केस आणि दोरा बारीक आकड्यावर गुंडाळून किड्यासारखी दिसणारी ‘फ्लाय’ बनवतात. तिला वजन जवळजवळ नसतंच, वजन असतं दोरीला. ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवून लांब टाकायची, म्हणजे पाठीमागेही मोकळी जागा हवी. ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून अँगलर, म्हणजे हौसेने गळ टाकणारा, त्याच्या मागून, खालच्या अंगाने वर सरकत जातो. आता वरच्या अंगाला कुणी धपकन पाण्यात उतरला, तर तिथले मासे दडून बसतात आणि बराच वेळ काही खात नाहीत. म्हणजे तुम्ही उभे आहात तेवढंच पाणी तुमचं नसतं, पुढच्या तासाभरात जिथे पोचणार आहात तेही असतं. नवख्याला हे दिसत नाही. त्याला दिसते रिकामी नदी आणि तिच्यात एकटा उभा माणूस.

अलिखित नियम आले ते यातूनच. आधीपासून पाण्यात असलेल्याचा हक्क पहिला. कुठल्या दिशेने चाललात हे त्याला विचारून मगच उतरायचं. त्याला ओलांडून जायचं तर काठावर चढून, पाण्यापासून लांबून वळसा घालायचा. नावेतून जाताना तो ज्या पाण्यावर गळ टाकतोय त्यातून न जाता, जमेल तिथे त्याच्या पाठीमागून निघायचं. शरद ऋतूत ब्राऊन ट्राउट अंडी घालतात तेव्हा तळातल्या खड्यांमध्ये घासून स्वच्छ केलेले फिकट पट्टे दिसतात. त्यावर पाय ठेवायचा नाही, खाली अंडी असतात.

या चालीरीतींचं माहेर म्हणजे दक्षिण इंग्लंडातल्या चुनखडीच्या झऱ्यांवर वाहणाऱ्या नितळ नद्या, विशेषतः हँपशरमधली टेस्ट. टेस्टच्या काठी स्टॉकब्रिज गावात 1822 मध्ये हाउटन क्लब स्थापन झाला. सभासद मोजके, पाणी क्लबच्या ताब्यात, राखणीला पगारी माणूस. नदीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला ‘बीट’ म्हणायचं आणि कोणत्या बीटवर आज कोण हे आधीच ठरवायचं. 1880च्या दशकात फ्लाय फिशिंगवर लिहिणारे फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी फ्लाय तरंगतीच हवी आणि प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच टाकायला हवी, असा जवळपास धर्मच घालून दिला. जी. ई. एम. स्क्यूज यांनी पाण्याखालच्या अळीसारख्या फ्लायची बाजू घेतली, आणि त्यावर 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात रीतसर चर्चा झडली. गंमत अशी की हा सगळा वाद पद्धतीचा. जागेवरून भांडायची त्यांना गरजच नव्हती, जागा क्लबाच्या वहीत लिहिलेली असे. हीच बीटपद्धत इंग्रजांच्या काळात काश्मीरमध्ये आली. पहलगामला जाणारे आपले पर्यटक ज्या लिद्दरच्या काठी फोटो काढतात, तिच्यावरही मत्स्य विभागाच्या परवान्याने बीट दिले जातात.

सॅमनच्या नद्यांवर मात्र वेगळी रीत रुजली आणि ती गर्दीतही टिकली. डोहाच्या वरच्या तोंडाशी सुरुवात करायची, एकदा गळ टाकायचा, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा टाकायचा. खालच्या टोकाला पोचलात की बाहेर पडून रांगेत मागे उभं राहायचं. कॅनडातल्या मार्गारीसारख्या सार्वजनिक नदीवरही लोक हे पाळतात. तिथे ही रीत चालते, कारण सॅमन समुद्रातून वर चढणारा वाटसरू मासा आहे आणि त्याच्यासाठी गळ खालच्या दिशेने सोडतात. जागा धरून बसण्यात फार फायदा नाही. ट्राउटचं उलट आहे. एकाच दगडामागे रोज तोच मासा असतो आणि तो वर येईपर्यंत तासभर थांबण्यातच खरं कसब. अशा खेळात ‘पुढे सरका’ कोण कुणाला म्हणणार?

हा खेळ अमेरिकेत रुजला तो न्यूयॉर्कजवळच्या कॅटस्किल डोंगरात. बीव्हरकिल आणि विलोविमॉक या नद्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंतांच्या क्लबांनी बरेच पट्टे विकत घेऊन पाट्या लावल्या. उरलेल्या सार्वजनिक पाण्यावर रॉस्को गावाजवळ, दोन नद्यांच्या संगमाच्या डोहात, 1 एप्रिलला हंगामाच्या पहिल्या दिवशी खांद्याला खांदा लावून लोक उभे राहायचे. तेव्हा ‘पूर्वी गर्दी नव्हती’ हे सरसकट खरं नाही. गर्दी होती, पण ती एका दिवसाची जत्रा होती आणि सगळ्यांना ती जत्राच आहे हे ठाऊक होतं.

मॉन्टानाचं प्रकरण निराळं. माणसं कमी, नद्या लांबच लांब. मॅडिसन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फायरहोल आणि गिबन या नद्यांच्या संगमातून निघते, हेबगेन धरणातून आणि 1959च्या भूकंपात दरड कोसळून तयार झालेल्या क्वेक लेकमधून खाली येते. तिथून एनिस गावापर्यंतच्या पट्ट्याला लोक पन्नास मैलांची एकच खळखळ म्हणतात. मोठे डोह थोडे, सगळीकडे उथळ, वेगवान पाणी आणि दगड. ‘एक डोह, एक माणूस’ हा हिशेब इथे लागूच पडत नाही. हद्द कुठे संपते ते नदी सांगत नाही, माणसालाच ठरवावी लागते.

गर्दी वाढायला जी कारणं झाली, त्यातली बरीचशी मुळात चांगली कामं होती, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. राज्याच्या मत्स्य खात्यातले जीवशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनी मॅडिसनवर अभ्यास करून दाखवून दिलं की, हौदात वाढवलेले मासे नदीत सोडल्याने तिथे आधीपासून असलेले रानटी ट्राउट वाढण्याऐवजी घटतात. मॉन्टानाने 1974 मध्ये ट्राउटच्या नद्यांत असे मासे सोडणं बंद केलं. मासे वाढले, नदीचा लौकिकही वाढला. त्याच सुमारास ग्रॅफाइटच्या काठ्या बाजारात आल्या. बांबूच्या काठीपेक्षा हलक्या, लांब फेकणाऱ्या, शिकायला सोप्या.

मासा पकडून परत सोडण्याचा आग्रह अमेरिकन अँगलर ली वुल्फ यांनी 1939 पासूनच धरला होता. तो पुढे नियमांत आला. त्याने मासे वाचले यात शंका नाही. पण त्याचा आणखी एक परिणाम झाला. मासा घरी न्यायचा असतो तेव्हा ठरलेली संख्या झाली की माणूस काठी गुंडाळतो. सोडूनच द्यायचा असेल तर थांबायचं कधी? 1980च्या दशकात यलोस्टोन नदीवर झालेल्या एका अभ्यासात आढळलं की तिथला प्रत्येक कटथ्रोट ट्राउट (ट्राउटची एक जात) एका हंगामात सरासरी 9.7 वेळा पकडला जात होता. तोच मासा दहाजणांना पुरू लागला, म्हणून काठावरही दहाजण मावू लागले.

मग कायदा आला. नदीकाठच्या जमीनमालकांनी लोकांना अडवल्यावरून डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड नद्यांचे खटले मॉन्टानाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. 1984 मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला आणि 1985 मध्ये विधिमंडळाने कायदा केला: दरवर्षी पाणी जिथवर चढतं त्या खुणेच्या आत नदीपात्र सर्वांना खुलं. अमेरिकेत इतका उदार कायदा फार थोड्या राज्यांत आहे. पण तिथवर पोचायला खासगी शेतातून जाता येत नाही. त्यामुळे शिरायचं ते सार्वजनिक जागेवरून, नाहीतर पुलावरून. नदी मैलोन्‌मैल खुली आणि दारं मोजकी, म्हणून गर्दी दारापाशी दाटते. मॅडिसनवरच्या ‘थ्री डॉलर ब्रिज’चं नावच मुळी तिथला जमीनमालक गाडी लावायचे तीन डॉलर घेई त्यावरून पडलंय.

1992 मध्ये रॉबर्ट रेडफर्ड यांचा ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ हा चित्रपट आला. गोष्ट ब्लॅकफूट नदीची, पण नदीची बरीच दृश्यं मॅडिसनच्या शेजारच्या गॅलटिन नदीवर चित्रित केलेली. सोनेरी उन्हात दोरी झुलवणारा तरुण ब्रॅड पिट बघून किती लोकांनी काठ्या घेतल्या याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण मॉन्टानातले दुकानदार आणि गाइड आपल्या धंद्याच्या इतिहासाचे ‘चित्रपटाआधी’ आणि ‘चित्रपटानंतर’ असे दोन भाग पाडतात. पडद्यावर नदीत एका कुटुंबापलीकडे फारसं कुणी नसतं. लोक ते एकांताचं चित्र मनात घेऊन आले आणि त्यांनी येण्यामुळेच ते पुसलं गेलं.

शिकण्याची वाटही बदलली. पूर्वी काका, शेजारी किंवा दुकानातला म्हातारा सोबत न्यायचा आणि पहिल्याच दिवशी दोनदा ओरडायचा: पाण्यातून चालू नकोस, त्याच्या पुढे जाऊ नकोस. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटचा कायदा कुठे छापलेला नाही, तरी रोजच्या गाडीतला नवा माणूस तो आठवड्यात शिकतो, कारण शिकवणारे रोज समोर असतात. फ्लाय टाकायचं तंत्र आता व्हिडिओवरून घरबसल्या शिकता येतं. नदीवर आजूबाजूला सगळेच पाहुणे असतील, तर नवख्यावर ओरडणार कोण?

न्यू मेक्सिकोतल्या सॅन वान नदीवर याचं विचित्र टोक पाहायला मिळतं. नवाहो धरणाच्या तळातून बारमाही थंड पाणी सुटतं, त्यात किडे आणि ट्राउट अफाट. तिथे काही जण उभ्या जागी पाय घासून तळ ढवळतात. उडालेला गाळ आणि अळ्या खाली वाहत जातात, मासे खायला पायांशी जमतात आणि यांचा गळ तिथेच. ‘सॅन वान शफल’ म्हणून ही युक्ती कुप्रसिद्ध झाली. शेवटी ती बेकायदा ठरवावी लागली. जिथे लाज पुरत होती तिथे कलम आलं.

2020च्या साथीत बंद घरांतून बाहेर पडायला नदी हे सुरक्षित ठिकाण ठरलं. त्या वर्षी अमेरिकेत 5.47 कोटी लोकांनी एकदा तरी मासेमारी केली, हा तोवरच्या दशकाहून अधिक काळातला उच्चांक होता. उन्हाळेही तापताहेत. पाण्याचं तापमान सलग तीन दिवस 73 अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे 23 अंश सेल्सियसला, टेकलं की मॉन्टानात दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारीला बंदी घालता येते. माशांसाठी ती आवश्यकच आहे, पण दिवसभर विखुरणारे लोक मग दुपारी दोनच्या आतल्या तासांत कोंबले जातात.

मॅडिसनवर जास्तीत जास्त खटके उडतात ते नाववाले आणि पायी उतरणारे यांच्यात. क्वेक लेक ते लायन्स ब्रिज या पट्ट्यात नावेतून गळ टाकायला मनाई आहे, नाव फक्त ये-जा करायला. म्हणजे गाइड गिऱ्हाइकांना नावेतून आणतो, हव्या त्या जागी नांगर टाकतो आणि सगळे पाण्यात उतरतात. नियम पाळला गेला. पण तासभर पायपीट करून तिथे पोचलेल्या माणसाच्या नेमक्या पुढ्यात ते उतरले असतील, तर त्याच्या लेखी हा दरोडाच. 2017च्या राज्य सर्वेक्षणात मॅडिसनवरचे ‘अँगलर दिवस’ दोन लाखांवर गेले होते (एका माणसाने एका दिवशी गळ टाकला की तो एक दिवस). 2018 मध्ये मत्स्य आणि वन्यजीव खात्याने नियमांचा मसुदा मांडला. गाइडवाले, दुकानदार आणि स्थानिकांच्या विरोधामुळे तो बुडाला. 2019 मध्ये सगळ्या बाजूंची समिती बसली आणि एकमत न होता उठली.

शेजारच्या बीव्हरहेड आणि बिग होल नद्यांवर मात्र 2000च्या आसपासच वाटणी झाली होती. बिग होलवर आठवड्याच्या प्रत्येक दिवशी नदीचा एकेक पट्टा व्यावसायिक गाइडना बंद, काही पट्टे सुट्टीच्या दिवशी परराज्यातल्या नाववाल्यांना बंद. हे जवळजवळ हँपशरच्या बीटसारखंच झालं, फक्त मालकाच्या जागी वेळापत्रक आलं. स्वतःला खुल्या नदीचे पाईक म्हणवणाऱ्या मॉन्टानाकरांना ते पचायला जड गेलं, पण ते टिकलं.

मॅडिसनसाठी अखेर नोव्हेंबर 2020 मध्ये राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव आयोगाने गाइडच्या व्यावसायिक फेऱ्यांची संख्या त्या वेळच्या पातळीवर गोठवली. गाइडकडे परवाना असतो, नोंदवही असते, त्यामुळे मोजायला तोच सोपा. पण नदीवर येणारे बहुसंख्य लोक गाइडशिवाय, स्वतःच्या गाडीने येतात. त्यांच्या संख्येला या निर्णयाने हात लावला नाही. शिवाय नवख्याला पाण्यात उतरायच्या आधी कुणी चार गोष्टी बजावतच असेल, तर आता तो बहुतेक वेळा पैसे घेऊन सोबत आलेला गाइडच असतो.